अलॉय बदलताना ईटीचा आकडा वाचा, या चुका टाळा

नवे अलॉय (मिश्रधातूची चाकं) बसवले आणि काही महिन्यांतच पुढच्या चाकातून घूंऽऽ असा आवाज सुरू झाला. बेअरिंग बदललं, थोड्या दिवसांनी पुन्हा तोच आवाज. मग शिव्या बसतात त्या बेअरिंगच्या कंपनीला. चाकाच्या मागच्या बाजूला कोरलेला ईटीचा आकडा मात्र कुणी वाचलेला नसतो.

ईटी म्हणजे ऑफसेट. चाकाच्या रुंदीचा मध्य आणि हबला (चाक ज्यावर बोल्टनं बसतं तो भाग) टेकणारी बाजू यांच्यातलं हे अंतर मिलिमीटरमध्ये असतं. आकडा लहान झाला की चाक बाहेर सरकतं.

दुकानात पीसीडी, म्हणजे बोल्टच्या भोकांच्या वर्तुळाचं माप, जुळला की ‘बसतंय साहेब’ म्हणून काम उरकतं. पण समजा मूळ चाक ६जे (म्हणजे ६ इंच रुंद), ईटी ४५ आहे आणि नवं ७जे, ईटी ३५. बाहेरची कड तब्बल २२.७ मिमी बाहेर येते, आतली जेमतेम २.७ मिमी आत जाते. ईटी ४५च ठेवला असता तर दोन्हीकडे १२.७ मिमी गेली असती. अशा वेळी आत स्ट्रटजवळ (चाकामागचा शॉक अॅब्सॉर्बरचा खांब) जागा आहे का ते पाहायचं. बेअरिंगला रुंदीपेक्षा मध्य कुठे सरकला याच्याशी मतलब. तो १० मिमी बाहेर गेला की गाडीचं वजन सरळ रस्त्यावरही बेअरिंगला तिरकं पिळत राहतं आणि खड्ड्याचा प्रत्येक दणका त्या वाढलेल्या अंतरावरून बसतो. स्पेसरचंही (हब आणि चाक यांच्यामध्ये घालायची चकती) तेच: १५ मिमीचा स्पेसर म्हणजे ईटी ४५ चा ३०.

‘ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) रुंद झाला, गाडी जास्त चिकटून चालते’ हा दावा अगदीच खोटा नाही. किंमत मोजावी लागते ती स्टेअरिंगमध्ये. पुढचं चाक ज्या कलत्या रेषेभोवती वळतं, ती रेषा खाली वाढवली तर टायरच्या मध्याजवळ जमिनीला मिळते. बऱ्याच फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाड्यांत हा बिंदू मुद्दाम मध्याच्या किंचित बाहेर ठेवतात. एका चाकाखाली पाणी किंवा खडी आली तरी ब्रेक मारताना गाडी सरळ राहावी म्हणून. चाक बाहेर काढलं की हे गणित उलटतं. मग ब्रेकला गाडी एका बाजूला ओढते, खड्ड्यात स्टेअरिंग हाताला झटके देतं. अलाइनमेंट कितीही वेळा करा, हे जाणार नाही.

आवाज आला म्हणून थेट बेअरिंग बदलू नका. घासलेला टायरही असाच गुणगुणतो, पण रस्त्याचा पोत बदलला की त्याचा सूर बदलतो. बेअरिंगचा आवाज वेगाबरोबर वाढतो आणि मोकळ्या रस्त्यावर हलकेच डावीकडे वळताना वाढला तर बहुधा उजवं बेअरिंग गेलेलं असतं. खात्रीसाठी गाडी जॅकवर घ्या, चाक वर-खाली धरून हलवा. प्ले (ढिलेपणा) लागला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. हलणं थांबलं तर बेअरिंगच. तरीही चाक हललं तर बॉल जॉइंट किंवा लोअर आर्म तपासा.

ताशी साधारण ८० किमीच्या पुढे नुसती थरथर येत असेल आणि बॅलन्सिंग ठीक असेल, तर मधलं भोक बघा. बाजारातले बरेच अलॉय ७३.१ मिमी भोकाचे येतात. मारुती स्विफ्टचा हब ५४.१चा. मधली फट भरायला योग्य मापाची रिंग हवी, तिची किंमत किरकोळ असते.

बेअरिंग दुसऱ्यांदा बदलायची वेळ आली असेल तर आधी कंपनीची मूळ चाकं परत चढवा आणि स्पेसर असतील तर काढा. नवे अलॉय घेताना मूळ ईटीच्या पाचेक मिमीच्या आत राहा. मागे माणसं बसवून, स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून टायर कुठे घासतो का तेही दुकानातच बघा, पैसे देण्याआधी.