किलोचे शेकेल करताना या चुका टाळा

शेकेल हे बायबलमधलं जुनं वजन. एका किलोत किती शेकेल? साधारण ८८. तुमचं उत्तर ७१, ११९ किंवा थेट १०० आलं असेल, तर भागाकार बहुधा बरोबरच आहे, शेकेल भलताच धरला गेलाय.

यहूदाच्या, म्हणजे यरुशलेमभोवतालच्या प्राचीन राज्यातला शेकेल हे नाणं नव्हतं. ते तागडीत टाकायचं दगडी वजन होतं. इसवी सनापूर्वी आठव्या-सातव्या शतकातली अशी घुमटाकार वजनं उत्खननांत भरपूर सापडली, त्यांवरून शेकेल सुमारे ११.३३ ग्रॅमचा ठरतो. ७१ आले तर तुम्ही १४ ग्रॅम धरलेत. तो आजच्या लेबनॉनमधल्या सोर शहराचा चांदीचा शेकेल, कितीतरी नंतरचा. यरुशलेमच्या मंदिराचा कर त्या नाण्यांत भरत, म्हणून ही गल्लत फार होते. ११९ आले तर तो ८.४ ग्रॅमचा बाबेली, म्हणजे बॅबिलोनचा शेकेल. आणि १०० आले तर तो चक्क सराफाचा तोळा! जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे शेकेलचा अगदी शेजारी, त्यामुळे ‘शेकेल म्हणजे तोळाच’ हे अंदाजापुरतं चालतं. पण आजचा सराफ १० ग्रॅमलाच तोळा म्हणतो, तिथे घात होतो.

पुढची घसरण लहान-मोठ्या वजनांच्या पायऱ्यांवर. २० गेरांचा एक शेकेल, अर्धा शेकेल म्हणजे बेका, ५० शेकेलांचा माने आणि ३,००० शेकेलांचा किक्कार, म्हणजे जवळजवळ ३४ किलो. हे ३,००० बायबलच्या ‘निर्गम’ पुस्तकाच्या ३८व्या अध्यायात स्वतः पडताळून पाहा: ६,०३,५५० पुरुषांचा प्रत्येकी अर्धा शेकेल, आणि बेरीज १०० किक्कार १,७७५ शेकेल. चोख जुळते. बायबलच्याच ‘यहेज्केल’ पुस्तकात मात्र माने ६० शेकेलांचा आहे, बाबेली पद्धतीसारखा. एकाच हिशेबात दोन्ही मिसळू नका. मानेला आपला मण समजणारेही भेटतात. माने जेमतेम अर्ध्या किलोच्या वर, मण चाळीस शेरांचा.

बायबलमधली एफा आणि ओमर ही धान्य भरून मोजायची मापं आहेत, वजनं नव्हेत. धान्य कुठलं हे ठरवल्याशिवाय त्यांचे किलो होत नाहीत. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर कुरमुरे तोलून पाहा.

आता ६० किलोचा माणूस घ्या. कॅल्क्युलेटर ५२९५.६७५ दाखवेल. दशांश सोडून द्या, कारण सापडलेले दगडही एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. ‘सुमारे ५,३००’ किंवा ‘पावणेदोन किक्कार’ पुरे.

शंका उरलीच तर उलट बाजूने तपासा. बायबलमधल्या गल्याथ या महाकाय योद्ध्याचं चिलखत ५,००० शेकेलांचं. तुमच्या पद्धतीने ते ५७ किलोच्या आसपास यायला हवं. ७० आलं, तर सोरचं नाणं पुन्हा आत शिरलंय.