डेस्कटॉप ॲपची विंडो बांधायला शिकताय? तीन पॅटर्न पुरे

१९९४ साली चौघांनी मिळून २३ डिझाइन पॅटर्न, म्हणजे कोड लिहिताना वारंवार येणाऱ्या अडचणींवरचे ठरावीक तोडगे, मांडले. ते सगळे पाठ करून मगच ॲपला हात घालीन म्हणणाऱ्याचं ॲप काही होत नाही. मी नवशिक्यांना सांगलीच्या मार्केट यार्डातली हळदीची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची पावती, करायला लावतो: वजन, दर, हमाली, तोलाई आणि शेतकऱ्याची निव्वळ रक्कम. एका विंडोत मावते, आणि खरे लागणारे तिन्ही पॅटर्न तिच्यात येतात.

पायथन आणि पायसाइड६ (क्यूटी या विंडो बनवायच्या साधनसंचाचं पायथनमधलं रूप) टाका, रकाने ग्रिड लेआउटमध्ये बसवा. रंगरंगोटी शेवटी.

आधी मॉडेल आणि व्ह्यू वेगळे करा. ही विभागणी ट्रिग्वे रीन्स्काउग यांनी १९७९ च्या सुमारास झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात मांडली, अजून मोडलेली नाही. हिशोब मॉडेलने करायचा, विंडोने दाखवायचा. मॉडेलच्या फाइलमध्ये पायसाइडचा इम्पोर्ट दिसला की समजा, घोळ झाला. रकमा दशांश नेमके ठेवणाऱ्या डेसिमलमध्ये ठेवा, अंदाजे ठेवणाऱ्या फ्लोटमध्ये नाही.

आता ऑब्झर्व्हर. मॉडेल बदललं की विंडोला कळवायचं, एवढंच सांगून लोक मोकळे होतात. मला सगळ्यात जास्त छळलं ते इथेच. दिवाणजी वजनाच्या रकान्यात १२.५ टाइप करतात. '१२.' झाल्याबरोबर टेक्स्ट-चेंज्ड सिग्नल (मजकूर बदलल्याची क्यूटीची सूचना) सुटतो, मॉडेल त्याचा १२ करून घेतं आणि लगेच विंडोला कळवतं. विंडो रकान्यात '१२' लिहिते, टिंब गेलं. वर पुढचा ५ दाबला की १२५. साडेबारा क्विंटलचे सव्वाशे झाले, आणि स्क्रीनवर एरर एकही नाही!

यावर 'टेक्स्ट-एडिटेड वापरा' हा सल्ला सर्रास मिळतो. अर्धवट आहे. प्रोग्रामने लिहिलेल्या मजकुरावर तो सिग्नल सुटत नाही, त्यामुळे विंडोने लिहिलं की पुन्हा सिग्नल, हा प्रतिध्वनी थांबतो. पण टिंब तरीही खाल्लं जातंच, कारण ते दिवाणजींनीच टाइप केलेलं असतं. सिग्नल ब्लॉक करण्याचीही तीच गत. दोन गोष्टी करा. किंमत खरोखर बदलली असेल तरच मॉडेलने कळवायचं. आणि रकाना वाचायचा तो एडिटिंग-फिनिश्डवर, म्हणजे एंटर दाबल्यावर किंवा रकाना सोडल्यावर. निव्वळ रक्कम प्रत्येक अक्षराला हलायला हवी, असा हट्ट धरणाऱ्यांना माझं सांगणं असतं: दिवाणजी एंटर दाबल्याशिवाय रकमेकडे बघतच नाहीत. तरी हवीच असेल तर हलवा, पण ज्या रकान्यात कर्सर आहे त्यात परत लिहू नका. सेट-टेक्स्ट केलं की कर्सर शेवटी पळतो, आणि मधला आकडा सुधारणारा माणूस वैतागतो.

उरला कमांड, अन्-डूसाठी: प्रत्येक बदल एका वेगळ्या ऑब्जेक्टमध्ये बांधायचा, म्हणजे तो मागे घेता येतो. क्यूटीचा अन्-डू स्टॅक आयता आहे. मात्र कमांड पुश केली की तिचा रीडू, म्हणजे बदल प्रत्यक्ष करणारा भाग, तिथल्या तिथे चालतो. नवी ओळ आधी स्वतः मॉडेलमध्ये टाकून मग पुश केलंत तर तीच पोती पट्टीवर दोनदा चढतात.