पारसनीस आडनावाचा माग कसा काढायचा

माझं माहेरचं आडनाव पारसनीस. आजी सांगायची, आपले पूर्वज पारस देशातून, म्हणजे इराणातून आले. मी ते कित्येक वर्षं खरं मानलं. घरातली अशी गोष्ट लिहून जरूर ठेवा, पण सुरुवात आडनावाच्या शेपटापासून करा. शेवटी ‘कर’ असेल तर बहुधा गाव शोधायचं, ‘नीस’ असेल तर काम. नीस म्हणजे फारसीतला ‘नवीस’, लिहिणारा. फडणीस, चिटणीस, पोतनीस, तसाच पारसनीस: दरबारातली फारसी पत्रं वाचणारा-लिहिणारा. दिल्ली-हैदराबादशी व्यवहार करायचा तर पेशव्यांना असा माणूस लागायचाच.

हे हुद्द्याचं आडनाव आहे, म्हणून सगळे पारसनीस एकाच घराण्यातले असं धरू नका. साताऱ्याचे इतिहाससंग्राहक द. ब. पारसनीस (1870–1926) तुमचे कोण, असं मला शाळेपासून विचारतात. नातं सांगण्याआधी गोत्र, कुलदैवत आणि मूळ गाव ही तिन्ही जुळतात का ते पाहायचं.

मग कागद. तहसील कचेरीत गाव नमुना 14, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, मागा. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. जुनी पानं बहुतेक मोडीत असतात, तेव्हा मोडी शिकाच; महिनाभर रोज तासभर दिला तर नावं लागायला लागतात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, त्यामुळे ‘पारसनिस’ आणि ‘पारसनीस’ वेगळे समजू नका. घराण्याला इनाम असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारात जा. 1852 च्या कायद्यानंतर इनाम कमिशनने इनामदारांकडून हक्काचे पुरावे मागितले, आणि वारसा दाखवायचा तर वंशावळ द्यावी लागे.

मला सगळ्यात जास्त मिळालं ते त्र्यंबकेश्वरी. गाव आणि आडनाव सांगितलं की तिथले तीर्थोपाध्ये आपल्या घराण्याची वही काढतात. आलेल्या प्रत्येकाची सही, सोबत भाऊ-मुलांची नावं. शके दिसला की 78 मिळवा, सन निघतो. आमच्या पानावर शके 1805, म्हणजे 1883. पणजोबांचे धाकटे भाऊ ‘पारसनीस’ लिहितात, आणि थोरल्यांची सही ‘कुलकर्णी’! मी बराच वेळ त्या पानावर हात ठेवून बसले.

आज माणसं किती आणि कुठे, ते मतदार याद्यांतून मोजता येतं. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर त्या भागवार मिळतात. आधी मूळ गाव आणि तालुका, मग पुणे-मुंबई. यादीत माणूस राहतो कुठे तेवढंच कळतं, म्हणून फोन करून मूळ गाव विचारावंच लागतं. सासरी गेलेल्या मुली यादीत सापडत नाहीत. त्यांची नावं घरातल्या बायकांकडून घ्या, त्यांना ती तोंडपाठ असतात.

आता माझ्या वहीत आमच्या गावच्या कुलकर्ण्यांसाठी वेगळी पानं आहेत. आजवर तेवीस जण लागले.