इंजिनकामानंतरही ऑइलमध्ये चमकी? ऑइल कूलर बघा

खंबाटकी चढून साताऱ्यात आलो की आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) ऑइल-प्रेशर कमी असल्याचा दिवा मिणमिणायचा. डिझेल गाडी, बेअरिंग नवे, इंजिनकामाला 300 किलोमीटरही झाले नव्हते. दोनदा ऑइल-फिल्टर बदललं, पैसे पाण्यात.

शेवटी फिल्टर कापून कागदाच्या घड्यांवरून लोहचुंबक फिरवला. सोनेरी कण चिकटेनात. म्हणजे लोखंड नाही, बेअरिंगचाच चुरा, तोही इंजिनकामाआधीचा, ऑइल कूलरमध्ये (तेल थंड करणाऱ्या भागाच्या बारीक वाटांत) दडलेला. कूलर धुऊन भरवसा नाही, नवाच घेतला. मग ब्लॉक मोकळा करून गॅलरीचे (ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटांचे) सगळे प्लग काढले: लांब ब्रश, डिझेल, हवा, पुन्हा ब्रश, पांढरं फडकं स्वच्छ निघेपर्यंत. क्रँकची तेलाची भोकंही तशीच. पंप, बेअरिंग पुन्हा नवे. इंजिन चालू न होता आधी तेल सगळीकडे पोचावं म्हणून इंजेक्टरचे कनेक्टर काढून दिवा विझेपर्यंत थांबत-थांबत 10-10 सेकंद स्टार्टर मारला.

500 किलोमीटरवर फिल्टर परत कापला. कागद काळा, चमक शून्य.