जुन्या नाशकात रोलवर पोर्ट्रेट: निघण्याआधी

फिल्मचा रोल कॅमेऱ्यात आदल्या रात्रीच भरा. पहिली लिव्हर ओढताना रिवाइंडची कळ फिरते का ते बघा. फिरली नाही, तर फिल्म आत सरकतच नाहीये. उजेड मोजणाऱ्या मीटरचे सेल नवे घाला, आयएसओची (फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे, त्या आकड्याची) तबकडी रोलशी जुळवा.

रोल ४०० आयएसओचाच घ्या, कारण आपलं काम उन्हात नाही, सावलीत आहे. सराफ बाजार, तिवंधा भागातल्या अरुंद गल्ल्यांत मोकळी सावली मिळाली, की १/५०० सेकंदाच्या शटरला एफ ५.६ बसतो (एफचा आकडा लहान, तितकं भिंगाचं तोंड मोठं आणि मागचं जास्त पुसट) आणि मागचं लाकडी दार छान पुसट होतं. भर उन्हात हाच रोल १/५०० ला एफ १६ मागतो. जुन्या कॅमेऱ्यांचं शटर बहुधा १/१००० लाच थांबतं, म्हणजे एफ ११ च्या खाली उतरता येत नाही आणि डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात ते वेगळेच. गोदावरीच्या घाटावर सकाळी ऊन पंचवटीच्या बाजूने येतं, तेव्हा सुंदरनारायण मंदिराकडचा काठ आधी उजळतो; नारोशंकर मंदिराच्या बाजूला दुपार कलल्यावर जा. बुधवार शक्यतो टाळा, घाटावर बाजार भरलेला असतो.

सगळ्यात जास्त विचार उजेडाच्या मापाचा करा. काळाराम मंदिराच्या काळ्या पाषाणाजवळ कॅमेऱ्यातला मीटर फसतो: अंधार समजून जास्त उजेड घेतो आणि चेहरा फटफटीत येतो. जवळ जाऊन चेहऱ्याचंच माप घ्या. सावळ्या चेहऱ्याचं माप साधारण तसंच चालतं, गोऱ्याला एक स्टॉप वाढवा, म्हणजे उजेड दुप्पट द्या. रंगीत निगेटिव्हला थोडा जास्त उजेड सोसतो, कमी सोसत नाही. शेंदरी भिंतीला मात्र माणूस टेकवू नका, गालावर तोच रंग उतरतो. तिथे कृष्णधवल रोल असेल तर प्रश्नच नाही.

मंदिराच्या आवारात कॅमेरा काढण्याआधी विचारा. रामकुंडावर लोक अस्थी घेऊन आलेले असतात. त्यांचं दुःख आपल्या फोटोची पार्श्वभूमी होऊ नये, म्हणून तिथून पुढे सरका.

ज्यांचा फोटो काढायचा, त्या काकूंना, आजोबांना आधीच सांगा की फोटो लगेच दिसणार नाही, धुवून यायला दिवस लागतील. छोटी वही जवळ ठेवा: फ्रेमचा नंबर, माप आणि प्रिंट पोचवायचा पत्ता. काढलेला रोल गाडीच्या डिकीत तापू देऊ नका.