व्हर्च्युअल मशीनच्या डिस्कवरील त्रुटी कशा हाताळाव्यात

क्यूईएमयू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवरील गेस्टला (व्हर्च्युअल मशीनमधील प्रणालीला) जी डिस्क दिसते ती बहुधा होस्टवरची (ते मशीन चालवणाऱ्या प्रत्यक्ष संगणकावरची) एक फाइल असते. त्यामुळे होस्टची जागा संपली की गेस्टला काय कळवायचे, हे क्यूईएमयूला ठरवावे लागते. ‘लिहिता आले नाही’ एवढेच कळवले, तर गेस्टमधील लिनक्स डिस्क बिघडली असे समजते आणि फाइल सिस्टिम केवळ-वाचन स्थितीत जाऊ शकते, मग जागा मोकळी करूनही सेवा आपोआप सुरू होत नाहीत.

प्रथम त्रुटी आल्यावर काय करायचे याचे सध्याचे धोरण पाहावे. वाचन आणि लेखन यांसाठी वेगवेगळी सेटिंग्ज असतात. काही बदल केला नसेल, तर लेखनात जागा संपल्याची त्रुटी आल्यास मशीन थांबते, परंतु लेखनाच्या इतर त्रुटी आणि वाचनाची प्रत्येक त्रुटी थेट गेस्टला कळवली जाते. स्टोरेज नेटवर्कवरून येत असेल आणि जोडणी अधूनमधून तुटत असेल, तर दोन्हींसाठी ‘स्टॉप’ (त्रुटी आल्यास मशीन थांबवणे) ठेवावे. ‘इग्नोर’ (त्रुटीकडे दुर्लक्ष करणे) मात्र कधीही निवडू नये, कारण न लिहिलेला मजकूर लिहिला गेला असे गेस्ट मानतो आणि नुकसान फार उशिरा उघड होते.

मशीन थांबल्यास लिब्व्हर्ट या व्हर्च्युअल मशीनच्या व्यवस्थापन-साधनातील ‘व्हर्श डोमस्टेट’ आदेशाला कारण दाखवणारा पर्याय जोडून ते थांबण्यामागे आयओ एरर (वाचन-लेखनातील त्रुटी) आहे का ते पाहावे, आणि ‘डोमब्लकएरर’ने नेमकी डिस्क शोधावी. त्यानंतर होस्टवर जागा मोकळी करावी किंवा जोडणी पूर्ववत करावी आणि ‘रिझ्यूम’ द्यावे. अडलेली विनंती तेव्हा पुन्हा पाठवली जाते.

या टप्प्यावर घाईने एक चूक होते: थांबलेल्या मशीनच्या क्यूकाउ२ (क्यूईएमयूच्या डिस्क-स्वरूपातील) फाइलवर दुरुस्तीचा आदेश चालवला जातो. मशीन थांबले असले तरी फाइल क्यूईएमयूने उघडी ठेवलेली असते, त्यामुळे बाहेरून केलेली दुरुस्ती तिचा मेटाडेटा (फाइलची अंतर्गत मांडणी नोंदवणारी माहिती) बिघडवू शकते. ही दुरुस्ती मशीन पूर्ण बंद केल्यावरच करावी.

कॅशेबाबतही सावध राहावे. होस्टची पेज कॅशे (मजकूर तात्पुरता ठेवण्याची मेमरीतील जागा) वापरात असताना फ्लश (तो मजकूर डिस्कवर उतरवणे) अपयशी ठरला, तर लिनक्स कर्नल न लिहिली गेलेली पानेही (मेमरीचे तुकडेही) स्वच्छ, म्हणजे लिहून झालेली, मानू शकतो आणि केवळ पुन्हा प्रयत्न करून तो मजकूर डिस्कवर जात नाही. म्हणून महत्त्वाच्या डेटासाठी कॅशे ‘नन’ (होस्टची पेज कॅशे न वापरणे) ठेवणे मला योग्य वाटते.

शेवटी हे धोरण चाचणी-मशीनवर तपासावे. क्यूईएमयूचा ‘ब्लकडीबग’ ड्रायव्हर ठरवलेल्या क्षणी हवी ती त्रुटी देतो: जागा संपल्याचा क्रमांक 28, तर सर्वसाधारण आयओ त्रुटीचा 5. दोन्ही देऊन, मशीन अपेक्षेप्रमाणे थांबते का आणि पुन्हा सुरू केल्यावर गेस्टमधील फाइल सिस्टिममध्ये लिहिता येते का, हे पाहावे.