एकच इंग्रजी शब्द अन् चार कामं: पार्ट्स ऑफ स्पीचमधल्या या चुका टाळा

तलाठी भरती असो की दहावीचा पेपर, पार्ट ऑफ स्पीच, म्हणजे वाक्यात शब्दाचं काम कोणतं, ते ओळखा असा प्रश्न दिसला की आपल्याकडचे पोट्टे खुश होतात, सोपा वाटते ना, अन् मार्क नेमके तिथंच जातात. काहून? तर पाठ केलेलं असते की वॉटर नाऊन (नाम), लाईट नाऊन, फास्ट ॲडजेक्टिव्ह (विशेषण). मग पेपरात येते 'शी वॉटर्स द प्लांट्स' अन् हे नाऊनवर टिक करून मोकळे. इथं वॉटर्स म्हणजे पाणी घालते, क्रियापद आहे बापा.

म्हणून सगळ्यात आधी शब्दांच्या याद्या पाठ करणं बंद करा. तोच बैल आज बंडीला, उद्या डवऱ्याला, तसं इंग्रजी शब्दाचं आहे, वाक्यात कुठं जुंपला ते पाहायचं. मराठीत आपल्याला प्रत्यय सांगून देतो, 'कुत्र्याला हाकललं गड्यानं' असं उलटंसुलटं म्हटलं तरी कोणी कोणाला हाकललं ते समजते. इंग्रजीतही हजारेक वर्षांआधी असे बरेच प्रत्यय होते, पण ते झिजत झिजत गेले, मग आता कामाचा बराचसा भार जागेवरच येऊन पडला. लाईट घ्या. 'टर्न ऑफ द लाईट' मध्ये नाऊन, 'लाईट द लॅम्प' मध्ये व्हर्ब (क्रियापद), 'अ लाईट बॅग' मध्ये ॲडजेक्टिव्ह अन् 'ट्रॅव्हल लाईट' मध्ये ॲडव्हर्ब (क्रियाविशेषण). शब्द तोच, स्पेलिंग तेच.

आता काही जण म्हणतात शेवटी एस लागला की बहुवचन, म्हणजे नाऊन. अर्धवट गोष्ट आहे ही. 'द वीड्स आर टॉल' मध्ये वीड्स म्हणजे तण, अन् 'शी वीड्स द फील्ड' मध्ये तेच वीड्स म्हणजे ती वावर निंदते. दोन्हीकडं एस. मग पाहायचं काय, तर शब्दाच्या आधी काय आहे. आधी द, अ, माय, दिस असं काही असलं तर बहुतेक नाऊन, अन् आधी करणारा असून मागून ज्याच्यावर काम झालं ते येत असेल तर व्हर्ब. तरी डाऊट राहिला तर वाक्य कालचं करून पाहा, 'शी वीडेड द फील्ड यस्टरडे' बसते ना, मग व्हर्बच. 'द वीडेड आर टॉल' करून पाहा, बसतच नाही.

शब्दाच्या शेवटी येणाऱ्या एलवायची (ly) गडबड तर लय जुनी आहे. एलवाय दिसला की ॲडव्हर्ब असं क्लासमध्ये सांगतात, पण फ्रेंडली, लोनली, कॉस्टली हे ॲडजेक्टिव्ह आहेत, अन् डेली तर दोन्ही, 'डेली वेजेस' मध्ये ॲडजेक्टिव्ह अन् 'ही कम्स डेली' मध्ये ॲडव्हर्ब. उलट फास्ट, हार्ड, लेट यांना ॲडव्हर्ब व्हायला एलवाय लागतच नाही. फास्टली असा शब्दच चालत नाही. हार्डली चालते, पण अर्थच फिरते! 'माय फादर वर्क्स हार्ड' म्हणजे बाबा लय मेहनत करतात, अन् 'माय फादर हार्डली वर्क्स' म्हणजे बाबा कामच करत नाहीत जवळपास. इंटरव्ह्यूत हे बोलाल तर झालं कल्याण. लेटलीचंही तसंच, त्याचा अर्थ अलीकडे, उशिरा नाही. अन् फास्ट म्हणजे उपवासही होते बरं का, 'शी फास्ट्स ऑन एकादशी'.

आता माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक, अन् ती वर सांगितलेलं समजल्यावरच होते. एक शब्द अनेक कामं करतो हे कळलं की पोट्टे कोणत्याही शब्दाला कोणत्याही कामाला लावतात. 'माय सिस्टर इज मॅरेज', 'ही वॉज डेथ', 'आय ॲम ॲग्री', 'ही सक्सेस इन एक्झाम', हे रोज ऐकू येते. मॅरेज फक्त नाऊन आहे, व्हर्ब मॅरी, अन् झालेलं लग्न सांगायला मॅरीड. डेथ नाऊन, डाय व्हर्ब, डेड ॲडजेक्टिव्ह, तिघांची तीन रूपं. सक्सेसचं व्हर्ब सक्सीड, लॉसचं लूज, चॉइसचं चूज. ॲग्री तर स्वतःच व्हर्ब आहे, त्याला ॲम लावायचं कामच नाही, 'आय ॲग्री' एवढंच. हे मात्र पाठच करावं लागते, इथं युक्ती नाही.

आफ्टर, बिफोर, सिन्स यांचं सोपं आहे. मागून नुसतं नाव आलं, 'आफ्टर द रेन', तर प्रिपोझिशन (शब्दयोगी अव्यय), अन् कर्ता-क्रियापदासकट पुरं वाक्य आलं, 'आफ्टर इट रेन्ड', तर कंजंक्शन (उभयान्वयी अव्यय). पण ड्यूरिंगला ही सवलत नाही, 'ड्यूरिंग आय वॉज वर्किंग' चुकते, तिथं व्हाइल पाहिजे.

कॉटन मार्केटमधला कॉटन नाऊन की ॲडजेक्टिव्ह यावर अभ्यासिकेत तासभर भांडण होते. शाळेची पुस्तकं ॲडजेक्टिव्हचं काम करणारा शब्द म्हणतात, आजचे व्याकरणवाले नाऊनच म्हणतात कारण 'व्हेरी कॉटन' होत नाही. परीक्षेत ऑप्शन पाहून ठरवा, भांडू नका. एवढं मात्र ध्यानात ठेवा की अशा जागी सहसा एकवचन येते, ऑरेंजेस ज्यूस नाही ऑरेंज ज्यूस, टेन रुपीज नोट नाही टेन रुपी नोट.

बोलताना आणखी एक. रेकॉर्ड, एक्स्पोर्ट, ऑब्जेक्ट हे नाऊन असले की जोर पहिल्या भागावर अन् व्हर्ब असले की दुसऱ्यावर. शेतमालाला प्रोड्यूस म्हणतात तेव्हा जोर सुरुवातीला, पिकवणं म्हणायचं तर शेवटी. सगळ्यांना हा नियम लावू नका, रिपोर्ट अन् सपोर्ट दोन्हीकडं सारखेच बोलतात. यूजचा तर शेवटचा उच्चारच बदलते, नाऊन असला की यूस अन् व्हर्ब असला की यूझ.

अन् मोबाईलवर डिक्शनरी उघडली की पहिला अर्थ वाचून बंद करू नका, खाली सरकवा, त्याच शब्दाचं नाऊन वेगळं अन् व्हर्ब वेगळं दिलेलं असते, दोन्हीखालची उदाहरणाची वाक्यं वहीत उतरवा.